पालथा मटका आणि लांब श्वास

नागपुरातल्या मानेवाड्याच्या आमच्या गल्लीत कोणाच्या घरी काय चाललंय हे मला त्या घरच्यांच्या आधी कळतं, असा माझ्यावर आरोप आहे. आरोप खरा आहे. पण भागीरथाबाई चरप्यांच्या बाबतीत मला काही शोधावं लागत नाही. त्यांच्या फाटकाच्या आत, जास्वंदीच्या कुंडीला लागून, एक काळाकुट्ट मटका ठेवलेला असतो. पालथा. तो पालथा आहे तोवर भागीरथाबाई कामात आहेत, एवढं गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

बाहेरगावच्या माणसासाठी सांगतो. आमच्याकडे लांब पोळी म्हणून एक चीज आहे. तिला पोळपाट लागत नाही, लाटणं लागत नाही. सैल भिजवून, आपटून आपटून तार सुटलेल्या कणकेचा गोळा घ्यायचा, या तळहातावरून त्या तळहातावर झुलवायचा, मग मनगटावर, मग पार कोपरापर्यंत. दहा-बारा सेकंदांत गोळ्याचा पंचा होतो, इतका पातळ की पलीकडच्या बाईचं तोंड दिसावं. त्याच झोक्यात तो जाळावरच्या पालथ्या मटक्याच्या पाठीवर टाकायचा. झोका चुकला की पोळी फाटते, फाटली की करपते, करपली की बाकीच्या बाया फिदीफिदी हसतात.

भागीरथाबाईंवर चाळीस वर्षांत कोणी हसलं नव्हतं. नरखेड तालुक्यातल्या संत्र्याच्या मळ्यातून लग्न होऊन नागपुरात आल्या, सासूच्या हाताखाली मटका धरला, तो आजतागायत. सासू वारली, नवरा वारला, पोरगी मिनल शिकून मिहानातल्या कंपनीत नोकरीला लागली, पण बाईंचा मटका सुटला नाही. लग्न, वास्तुपूजन, साठीशांत, कुठेही पोळ्यांची ऑर्डर असली की दोन मटके लागायचे. एक भागीरथाबाईंचा, दुसरा यमुताईचा.

ही यमुताई कामठीची. तिचा नवरा पॉवरलूमवर होता. घराला लागूनच माग, दिवसभर खटक-खटक, त्यामुळे त्या घरात कुजबुजणं हा प्रकारच नव्हता. यमुताई कानात काही सांगायची तेव्हा चार घरांना ऐकू जायचं. कामठीहून शेअर ऑटोनं यायची आणि उतरता उतरताच सुरू व्हायची, "भागे, तुले मालूम आहे का?" भागीरथाबाईंना ते आधीच मालूम असायचं आणि त्याच्या पुढचंही. मग दोन मटक्यांच्या मध्ये जे काही चालायचं, ते ऐकण्यासाठी मी कितीतरी पंगतींना आचाऱ्याजवळ खुर्ची टाकून बसलोय. नवरदेवानं मुहूर्ताआधी चोरून किती पोळ्या खाल्ल्या, कोणाची मावशी कोणावर रुसली, कोणत्या व्याह्याची दाढ काल पडली, सगळं तिथं. आणि हात? हात आपले चालूच. तोंड आणि हात एकाच गिरणीच्या पट्ट्यावर लावल्यासारखे.

मागच्या आषाढात यमुताई गेली. चार दिवसांचं दुखणं झालं आणि गेली.

चातुर्मासात ऑर्डरी नव्हत्या. दिवाळीनंतर एका वास्तुपूजनाला भागीरथाबाईंची पोळी पहिल्यांदा फाटली. मग दुसरी. तिसरी फाटली तेव्हा कोणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. पोळी हातावर घेतली की हात कापायला लागायचा. डॉक्टरनं तपासलं, म्हणाला नसा चांगल्या, बीपी चांगला, साखर चांगली, तुम्ही मनाला लावून घेताय, प्राणायाम करा. मिनल म्हणाली, "आई, बस झालं आता. बासष्टची झालीस. घरी आराम कर." भागीरथाबाईंनी त्यातलं डॉक्टरचं ऐकलं.

म्हणून एका सकाळी त्या आमच्या बागेत आल्या. डोक्याला मफलर, अंगात मुलीचा जुना स्वेटर, बगलेत गोणपाट.

आमच्या बागेतला प्राणायामाचा वर्ग मुकुंदराव पांढरीपांडे चालवतात. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, पातळ, सरळ, इस्त्रीचा माणूस. पांढरीपांड्यांचं घराणं भोसल्यांच्या वेळेपासून नागपुरात आहे, आणि हे तुम्हाला माहीत नसेल तर ते सांगतात. माहीत असेल तरी सांगतात. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. हजेरी घेतात. वर्गाआधी सगळ्यांना ओळीत उभं करून 'आ' करायला लावतात, आणि त्याला कारण आहे. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर मनोहरराव एकदा गालात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, धरून कपालभातीला बसले. पोटाचा पहिला झटका नाकावाटे निघाला, दुसराही निघाला, तिसऱ्याला त्यांना शिंक आली. पुढच्या ओळीत एका बाईंची पांढरी शाल होती. शाल होती, असंच म्हणायचं. तेव्हापासून रोज पहाटे वीस पेन्शनर तोंड उघडून उभे राहतात आणि मुकुंदराव मोबाइलच्या उजेडात गाल तपासतात.

भागीरथाबाईंचेही गाल तपासले.

"त्रास काय आहे?"

"हात कापते जी. पोळी धरली का कापते. बाकी टायमाले काहीच नाही. काल सुईत दोरा ओवला, एका दमात."

मुकुंदरावांचे डोळे चमकले. वीस वर्षं फायली चाळलेल्या माणसाला एक जिवंत केस मिळाली होती. त्यात एक गोष्ट अशी, की महिनाभरावर त्यांच्या मुलीचं, अदितीचं, लग्न होतं आणि दुसऱ्या दिवशीच्या व्याह्यांच्या जेवणाला पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा आणि लांब पोळ्यांची ऑर्डर त्यांनी दिवाळीतच भागीरथाबाईंना देऊन ठेवली होती. व्याही कोल्हापूरचे. तिखटाच्या आणि रश्श्याच्या गोष्टीत ते लोक कोणाला काही समजत नाहीत, हे मुकुंदरावांच्या जिव्हारी लागलेलं.

प्रेमलताबाई, म्हणजे मुकुंदरावांच्या सौ., व्यवहारी. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवा. बिचारीला कशाला धाकात ठेवता?"

"दुसरं कोणी नाही," मुकुंदराव म्हणाले. "मी बसलोय ना."

झालं. भागीरथाबाईंची शिकवणी सुरू झाली. चार आकडे श्वास आत, सोळा आकडे धरून ठेवायचा, आठ आकडे बाहेर. आत घेण्याला पूरक, सोडण्याला रेचक आणि धरून ठेवण्याला कुंभक म्हणतात, आणि मुकुंदरावांचा सगळा भरवसा कुंभकावर. "श्वास स्थिर तर हात स्थिर," ते म्हणाले. "पोळी हातावर घेतली की श्वास रोखायचा. पोळी मटक्यावर पडली की सोडायचा. एवढं साधं आहे." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ज्या माणसानं जन्मात पाण्याचा ग्लास स्वतः भरून घेतला नाही, तो पोळीचं शास्त्र सांगत होता आणि ते आम्हाला पटत होतं.

भागीरथाबाईंनी आठ दिवस इमानेइतबारे केलं. रोज दुपारी मागच्या अंगणात मटका तापवायचा, दहा गोळे घ्यायचे, श्वास रोखायचा. दहातल्या सात फाटायच्या. गल्लीतल्या गाईंची त्या आठवड्यात चंगळ झाली. नवव्या दिवशी श्वास धरता धरता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाई सरपणाच्या ढिगावर मट्‌कन बसल्या.

दुसऱ्या दिवशी बागेत त्या गोणपाट न घेताच आल्या. उभ्यानंच बोलल्या.

"भाऊ, तुमच्या घरचं जेवण करीन. जबान दिली आहे. पण त्या दिशी पोळी नाही साधली, तर मी मटका सुलटा करीन. त्यात पाणी भरीन, फाटकाशी ठेवीन, येणाऱ्या-जाणाऱ्यानं प्यावं. चाळीस साल लय झाले."

मटका सुलटा करणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. मनोहररावांना तर इतकं कळलं की खिशातली खर्र्याची पन्नी काढायची ते विसरले.

आता मुकुंदरावांबद्दल मी पुष्कळ वाकडं बोलतो, पुढेही बोलेन, पण त्या सकाळी त्यांनी जे केलं ते आमच्यातल्या एकालाही जमलं नसतं. स्टॉपवॉच खिशात ठेवलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "चूक माझी आहे. यांना मी नको ते शिकवलं. घाबरलेल्या माणसाला श्वास दाबायला सांगायचा नसतो. तो आधीच दाबून बसलेला असतो. बाई, बसा. आज काही धरायचं नाही. नुसतं सोडायचं."

त्यांनी भ्रामरी घेतली. कान अंगठ्यांनी बंद करायचे, डोळ्यांवर बोटं, ओठ मिटून नाकातून भुंग्यासारखा आवाज काढत श्वास सोडायचा, जेवढा पुरेल तेवढा. आमचा वर्ग भ्रामरीला बसला की बागेतल्या कुत्र्यांना वाटतं कुठेतरी ट्रान्सफॉर्मर बिघडला. आम्हा सगळ्यांचे भुंगे आठ-दहा सेकंदांत गारद होतात. त्या दिवशी एकेक गारद झाला आणि एक राहिला. खर्जातला, गोल, कुठेही न हलणारा. आम्ही कानातले अंगठे काढून पाहिलं. भागीरथाबाई डोळे झाकून बसल्या होत्या आणि आवाज चालूच होता.

"बावीस सेकंद," मुकुंदराव हळूच म्हणाले. त्यांचा स्वतःचा विक्रम अठराचा आहे. तो त्यांनी वहीत लिहून ठेवलाय, मी पाहिलाय.

"एवढा दम आणला कुठून, बाई?"

"आणायचा कायले? होताच."

हात खाली घेतले तेव्हा त्यांनी ते सहज समोर धरून पाहिले. कापत नव्हते. चेहऱ्यावर असं काही होतं, की मी थट्टा करायला उघडलेलं तोंड मिटलं.

मग उरलेले तीन आठवडे बाईंनी सोडलं नाही. सकाळी बागेत अनुलोम-विलोम, एक नाकपुडी, मग दुसरी, सावकाश, भांडणाऱ्या दोन पोरांना पाळीपाळीनं घास भरवावा तसं. मग भ्रामरी. आणि दुपारी अंगणात मटका. पोळी हातावर घेतली की ओठ मिटून गुंजन सुरू करायचं आणि पोळी पडेस्तोवर सोडत राहायचं. दहातल्या चार साधू लागल्या, मग सहा. झोप लागायला लागली म्हणाल्या, छातीवरचं वजन उतरल्यासारखं वाटतं म्हणाल्या. पण सहाच्या सात होईनात. दिवस संपत आले. प्रेमलताबाईंनी एका केटररचा नंबर पदराला बांधून ठेवल्याचं मला कळलं होतं. कसं कळलं ते विचारू नका.

जेवण बेसा रोडच्या एका लॉनवर होतं, भर दुपारी. मंडपाच्या मागे दोन चुली, दोन मटके. दुसऱ्या मटक्यावर यमुताईची सून कामिनी. सासूकडून पोळी शिकलेली, हात चांगला, पण स्वभावानं इतकी अबोल की यमुताईच्या घरात ही टिकली कशी याचंच नवल. "नमस्कार मावशी" म्हणाली आणि गप्प बसली.

मी अर्थातच आचाऱ्याजवळ खुर्ची टाकली होती.

भागीरथाबाईंनी गोळा घेतला. ओठ मिटले, गुंजन सुरू केलं. शेजारी जनरेटर धडधडत होता, आचारी कोणावर तरी ओरडत होता, धूर डोळ्यांत जात होता. पोळी मनगटापर्यंत आली आणि फाटली. दुसरी घेतली. कोपराशी फाटली. कामिनीनं आपली पोळी उलटता उलटता मान वळवली आणि लगेच फिरवून घेतली. पलीकडे पंगत बसायला लागली होती. कोल्हापूरकर अत्तर लावून पाटावर स्थानापन्न होत होते.

तेवढ्यात मुकुंदराव आले. जरीची टोपी, उपरणं, आणि हातात, खोटं सांगत नाही, स्टॉपवॉच.

"बाई, भ्रामरी! भ्रामरी करा! आधी पूरक दीर्घ घ्या, खांदे सोडा, मी मोजतो, हं, एक..."

भागीरथाबाईंच्या हातात तिसरा गोळा होता. त्यांनी मुकुंदरावांकडे पाहिलं. आणि जे सुटलं ते सुटलं.

"तुमी मोजान कायले जी, पोरीचं लगन झालं, व्याही आले, बायको तिकडं एकटी वाढून राहिली, अन् तुमी इथं धुरात टोपी घालून घड्याळ पाहून राहिले, मी का रेल्वे आहे का टायमावर निघाले, जा तिकडं, व्याह्यायले पाणी विचारा, नाही तं ते म्हणतीन नागपूरचा माणूस पोरगी देऊन पळून गेला!"

सगळं एका दमात. मध्ये एक स्वल्पविरामसुद्धा घेतला नाही, ते मी इथं घातलेत. 'पळून गेला' म्हणता म्हणता हात फिरला आणि पोळी मटक्यावर पडली. पूर्ण. गोल. मधोमध मटक्याचा काळा रंग दिसावा इतकी पातळ.

मुकुंदरावांनी घड्याळाकडे पाहिलं. "अकरा सेकंद," ते पुटपुटले. "रेचक... अखंड रेचक."

पहिली बोलली ती कामिनी. त्या दिवशीचं तिचं दुसरं वाक्य. "मावशी, सासूबाईसंग तुमी अशाच बोलत होत्या. पोळी हातावर घेतली का सुरू. पोळी पडली का दम घ्यायचा. सासूबाई म्हणे, बोलल्याबिगर पोळी वाढतच नाही."

भागीरथाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. चाळीस वर्षं त्या मटक्यापुढे बसून दिवसाला दोन-दोनशे वेळा लांब श्वास सोडत होत्या, आणि त्यांना वाटत होतं आपण चहाड्या करतोय. आषाढापासून मात्र त्या गप्प होत्या. पोळी हातावर घ्यायच्या आणि श्वास आत अडकायचा, कारण बाजूला ऐकणारं कोणी नव्हतं.

पोळी उलटायची राहिली म्हणून करपायला लागली. कामिनीनंच हात लांबवून उलटली.

भागीरथाबाईंनी चौथा गोळा घेतला. नाकानं सावकाश श्वास भरला, बागेत भरतात तसा. "तुह्या सासूचं सांगतो तुले," त्या म्हणाल्या. "काटोलले एक लगन होतं, नवरदेव पोळ्या चोराले आला, अन् यमीनं त्याले ओळखलंच नाही, आचाऱ्याचा माणूस समजून त्याच्या डोक्यावर कणकेची परात देल्ली, अन् तो गधा बाशिंग बांधेस्तोवर परात धरून उभा!" पोळी पडली. कामिनी खुदकन हसली आणि तिचीही पोळी जरा जास्तच लांब झाली.

मग थांबल्याच नाहीत. पाचवी, दहावी, साठावी. कोल्हापूरकरांनी पंगतीतून दोनदा पोळ्या मागवल्या, तिसऱ्यांदा एक जण उठून चुलीशीच येऊन उभा राहिला, पोळीसाठी म्हणून, पण ऐकायला. रश्श्याबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते धुरामुळे, असं म्हणाला.

पंगत उठत आली तेव्हा गर्दी पांगली. मी होतो, पण मला कोणी मोजत नाही. भागीरथाबाई पोळी झुलवता झुलवता हळू आवाजात म्हणाल्या, "कामिने, तुही सासू गेली त्या दिशी मले निरोप आला होता वं, मी गेली नाही, वर्ध्याले ऑर्डरवर होती, म्हटलं एवढ्या पोळ्या करून जातो, एवढ्या करून जातो, अन् ते गेली." पोळी मटक्यावर टाकली. अख्खी पडली. ही गोष्ट त्यांनी मिनललाही सांगितली नव्हती, हे मला नंतर कळलं.

कामिनी आपल्या पोळीची घडी करत होती. "मावशी, त्यायले मालूम होतं. मले म्हणे, भागीले फोन लावून लावून परेशान करू नका. तिच्या हातावर पोळी असन."

"असं म्हणाली?"

"हाव. अन् म्हणे, नाही तं करपवन अन् माह्यावर ढकलन."

भागीरथाबाई हसल्या. मोठ्यानं, यमुताईसारख्या. हसतानाच डोळ्याला पदर लावला आणि लगेच पुढचा गोळा घेतला, कारण जाळ चांगला होता.

चूल विझली, मटके निवले. मुकुंदराव आले. टोपी हातात होती, स्टॉपवॉच कुठे दिसत नव्हतं. त्यांनी मटक्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही म्हणाला होता..."

"म्हणाली होती," भागीरथाबाईंनी गोणपाट पसरलं आणि मटका त्यावर पालथाच ठेवून बांधायला घेतला. "टेम्पोवाल्याले सांगा, धक्के देऊ नको म्हणा. आयतवारी कामठीले जावळाचं जेवण आहे. कामिनीच्या नात्यातलं. दोन मटके लागतीन."

"आणि उद्या सकाळी?"

"येतो ना. प्राणायाम कायले सोडू? दम लागते बोलाले."

दुसऱ्या दिवशी आल्याही. मुकुंदरावांनी गाल तपासले, हजेरी घेतली, भ्रामरीला बसवलं. एकेक भुंगा गारद झाला, एक राहिला. पंचविसाव्या सेकंदाला मुकुंदरावांनी खिशातून वही काढली आणि अठराच्या आकड्यावर, आमच्या देखत, सरळ एक रेघ मारली. मनोहरराव टाळ्या वाजवायला गेले आणि तपासणीनंतर गालात धरलेला खर्रा गिळून बसले.